डाव्या बाजूचं हसू

बायको गेली तेव्हा आमची मुलगी समुद्रात होती. ती मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम बघते. जहाज म्हणजे काही रिक्षा नव्हे, हात दाखवला की वळवून घ्यायला. पुढचं बंदर यायचं, तिथं उतरायचं, विमान पकडायचं, ते बदलायचं, मग घर. फोन लागला तोही तुटत तुटत. मी सांगितलं. पलीकडून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत आईला कुठं नेऊ नका."

"नाही नेत."

"आणि मला नुसती झाकलेली पेटी दाखवू नका. मला तिचं तोंड बघायचंय. ऐकताय ना? तोंड."

मी हो म्हणालो. मी नळकाम करणारा माणूस. आयुष्यभर लोकांना 'होऊन जाईल' असं सांगत आलो आणि मग पान्हा हातात धरून होणार कसं याचा विचार करत बसलो. हेही तसंच झालं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. शीतघरात ठेवलं तर खराब होणं लांबतं, थांबत नाही. इतके दिवस म्हणजे चेहरा सुकणार, रंग बदलणार. मुलीला तोंड दाखवायचं असेल तर एम्बामिंग करून घ्या, औषध भरून देह टिकवतात ते.

"ते राजेरजवाड्यांचं काम ना?" मी विचारलं.

"मागच्या इमारतीत बाई आहेत, त्यांना भेटा," डॉक्टर म्हणाले.

माझ्यासोबत मेव्हणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला आम्ही सगळे रेडिओ म्हणतो, कारण तो बंद होत नाही. बहीण गेल्यापासून मात्र त्याचा आवाज अगदीच कमी झाला होता. जिन्यावरून उतरताना तो फक्त एवढंच म्हणाला, "दाजी, राणी नसली तरी आमची ताई आहे. करून घ्या."

मागच्या इमारतीतली ती खोली मला आजही डोळ्यांसमोर दिसते. भिंतींना खांद्यापर्यंत पांढऱ्या फरशा. मधे काठ उचललेलं स्टीलचं टेबल. जमिनीला उतार दिलेला आणि तो उतार बरोबर जाळीकडे काढलेला. असं काम आजकाल बघायला मिळत नाही. हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र वर नव्हता, खाली, जमिनीलगत होता. माणूस दुःखात असला तरी त्याचे डोळे आपलं काम करत राहतात. मी विचारलं, "पंखा खाली का?"

एम्बामिंग करणाऱ्या बाई टेबल पुसत होत्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, रबरी एप्रन. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "फॉर्मलिनची वाफ खाली बसते, काका. पंखा वर लावला तर ती नाकासमोरून जाणार. तुम्ही काय करता?"

"नळकाम."

"मग तुम्हाला माझं काम समजायला सोपं आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आम्हाला स्टुलावर बसवलं.

या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी मला एकदाही 'देवाची इच्छा' म्हटलं नाही. त्यांनी मला काय करणार ते सांगितलं. मानेच्या बाजूला एक लहान छेद घ्यायचा. तिथं शुद्ध रक्ताची मोठी नळी असते आणि शेजारीच परत येणाऱ्या रक्ताची. एकीतून द्रव भरायचा, दुसरीतून रक्त सोडायचं. हृदय हा पंप, तो बंद पडलेला. तेवढ्यापुरता आपला पंप जोडायचा. जिथं जिथं रक्त पोचायचं तिथं तिथं औषध पोचतं, अगदी नखांपर्यंत.

"प्रेशर जास्त देऊ नका," माझ्या तोंडून निघून गेलं. "जुनी लाईन आहे."

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "तेच करतो आम्ही. हळू भरायचं आणि हातापायांना हृदयाच्या दिशेनं चोळत राहायचं. म्हणजे कुठं गाठ अडकत नाही."

"त्या द्रवानं होतं काय?"

"अंडं उकडलं की घट्ट होतं ना, तसं काहीसं. आतली प्रथिनं एकमेकांना बांधली जातात. मग कुजवणाऱ्या जंतूंना खायला काही उरत नाही. कायमचं नाही टिकत, पण तुमची मुलगी येईपर्यंत नक्की टिकेल."

मी पुन्हा राजांचं विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला समजेल असं बोलत होतं.

"राजांच्याही आधीचं आहे हे," बाई म्हणाल्या. "दक्षिण अमेरिकेत वाळवंटाच्या कडेला, समुद्रकाठी, मासे धरून राहणारी माणसं होती. पिरॅमिड बांधायच्या दोन हजार वर्षं आधी ती आपली माणसं टिकवून ठेवायची. राजा नाही, राजवाडा नाही. त्यातल्या सगळ्यात जुन्या देहांत तान्ही मुलं आहेत. आत काड्या घालून आकार द्यायची आणि चेहऱ्यावर मातीचा मुखवटा बसवायची."

"तान्ही मुलं," मी म्हणालो.

"हो. इजिप्तवाले नंतरचे. ते क्षारात सुकवायचे, शरीरातलं पाणी ओढून घ्यायचे. मेंदू नाकातून काढून टाकायचे आणि हृदय मात्र जागेवर ठेवायचे."

रेडिओनं डोकं वर केलं. "माझ्या वेळी तुमचं पहिलं काम वाचेल, बाई. आमची ताई म्हणायचीच, तुझ्या डोक्यात काढण्यासारखं काही नाही."

एवढं बोलला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात त्यांनी पुढचं सांगितलं. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी काही वैद्यांना सुचलं की रक्तवाहिन्यांतूनच औषध घालावं. त्यांना शरीर शिकवायला देह टिकवून ठेवायचे होते. पुढं अमेरिकेत यादवी युद्ध झालं, पोरं घरापासून लांब मरायला लागली आणि आईबापांना ती परत बघायची होती. तेव्हापासून हे काम साध्या घरांपर्यंत आलं. त्या वेळी सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, घालायचे; ते काम करणाऱ्यांनाच बाधायचं. फॉर्मलिन नंतर आलं.

"म्हणजे कुणाला तरी पोचायला उशीर होत होता म्हणून," मी म्हणालो.

"बऱ्याच वेळा तसंच असतं," बाई म्हणाल्या. "आता मला एक फोटो लागेल. चेहरा समोरून दिसेल असा."

फोटो शोधायला मी घरी आलो तेव्हा लक्षात आलं की तसा फोटो घरात नाहीच.

याचं कारण सांगायला हवं. मुलगी पोटात असताना, दिवस भरत आले होते तेव्हा, एका सकाळी बायको चूळ भरत होती आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. मी म्हटलं, "वायसर गेलं वाटतं." ती आरशात बघत म्हणाली, "अहो, चेष्टा नाही, माझं तोंड वाकडं झालंय." चेहऱ्याची शीर सुजली होती. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं बरं होतं. हिचं अर्धंच झालं. उजवीकडे नाकापासून ओठापर्यंत एक खोल घडी राहिली. हसली की डावा कोपरा वर जायचा, उजवा जागच्या जागी राहायचा आणि उजवा डोळा मात्र उगाच बारीक व्हायचा. नवख्या माणसाला वाटायचं, ही बाई आपली फिरकी घेतेय. बहुतेक वेळा ती घेतच असायची.

"माझं अर्धं तोंड बिनपगारी रजेवर गेलंय," ती लोकांना सांगायची. पण कॅमेरा दिसला की तोंडावर हात. नाहीतर मान वळवायची, नाहीतर कुणाच्या तरी मागं जाऊन उभी राहायची. सगळ्या फोटोंत तिचे केस आहेत, हात आहेत, कडेवर मुलगी आहे, तोंड नाही.

समोरून काढलेला एकच फोटो सापडला. लग्नानंतर आम्ही स्टुडिओत जाऊन काढला होता. सरळ नाक, सरळ ओठ, फोटोवाला 'हसा' म्हणाला म्हणून दोन्हीकडे सारखं हसलेली. तो हातात घेतल्यावर मला फार बरं वाटलं. हाच द्यायचा, मी ठरवलं. माणसानं शेवटचं दिसावं तर आपल्या चांगल्यात चांगल्या रूपात. रेडिओही म्हणाला, "हाच द्या दाजी. यात ताई काय दिसते!"

आम्ही तो बाईंच्या हातात दिला आणि बाहेरच्या बाकावर बसलो.

बऱ्याच वेळानं बाईंनी दार उघडलं. "आत या. अजून द्रव भरलेला नाही. आधी चेहरा बसवायचा असतो, डोळे, ओठ, सगळं. बघा आणि सांगा. एकदा भरायला घेतलं की मांस घट्ट होतं. मग मला काही बदलता येत नाही."

बायको टेबलावर होती. गळ्यापर्यंत पांढरी चादर. धुतलेले केस मागं विंचरलेले. आणि तोंड सरळ.

काय सांगू. केस पिकलेले, गाल उतरलेले, पण ओठ त्या फोटोतले. दोन्ही कोपरे सारखे. ती घडी जवळजवळ नाहीशी झालेली. ज्या मुलीबरोबर मी स्टुडिओतून बाहेर पडून रस्ता ओलांडला होता तीच म्हातारी होऊन समोर निजली होती. एवढ्या वर्षांनी ती मला परत दिसली. रेडिओ भिंतीला टेकून हुंदके देत होता. "लग्नातली ताई," तो म्हणाला.

"चालेल?" बाईंनी विचारलं. त्यांचा हात पंपाच्या नळीवर होता.

मी हो म्हणणारच होतो. खोटं कशाला सांगू, मला तेच तोंड हवं होतं. आणखी थोडे दिवस रोज येऊन बघता आलं असतं.

मग माझ्या मनात आलं, की हे तोंड आमच्या मुलीनं कधी बघितलेलंच नाही. ती जन्मली तेव्हा तिच्यावर वाकलं ते वाकडं तोंड. तिला रागावलं ते, तिला हसलं ते. ती जहाजातून, विमानांतून, एवढं सगळं ओलांडून येणार आणि इथं तिला आईचे केस असलेली एक परकी बाई दिसणार. आणि ती मला काही बोलणारही नाही. छान दिसतेय म्हणेल आणि परत जाईल.

"थांबा बाई," मी म्हणालो. "ही माझी बायको आहे. पण माझ्या मुलीची आई नाही."

बाईंच्या कपाळावर आठी आली. "काका, फोटो तुम्हीच आणून दिलात."

"मीच दिला. चुकलं माझं." आणि मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, जमेल तसं.

बाईंनी हातातली नळी खाली ठेवली. वाकून त्यांनी बायकोच्या उजव्या गालावर बोट टेकवलं. "ही घडी. मला वाटलं उशीचा वळ आहे. मघापासून मी ती चोळून पुसतेय." त्या स्वतःवरच वैतागल्या होत्या. "माणूस गेला की दोन्ही बाजूंचे स्नायू सारखेच सैल पडतात. जिवंतपणी एक बाजू ओढायची, दुसरी नाही. आता दोन्ही ओढत नाहीत. मग मला कळणार कसं? दुसरा फोटो आणा."

"नाही."

"एकही नाही?"

"तोंडावर हात आहे सगळ्यांत."

"मग करून दाखवा. तुम्ही रोज बघितलंय. मला कुठून किती हे समजलं पाहिजे."

मी प्रयत्न केला. डोळे मिटले तर ती अगदी स्पष्ट दिसत होती, पण माझा ओठ माझं ऐकेना. रडू मधे येत होतं. पाईप वाकवणं वेगळं आणि स्वतःचं तोंड वाकवणं वेगळं. बाई वाट बघत होत्या. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "काका, फार वेळ नाही ठेवता येणार."

"मी करतो," रेडिओ म्हणाला.

तुम्हाला सांगतो, या माणसानं बहिणीची नक्कल केली नाही असा एकही कार्यक्रम आमच्या घरात झाला नसेल. ती चहा कशी पिते, रागावते कशी, हसू दाबते कशी. ती त्याच्या अंगावर उशी फेकायची, "थांब मेल्या, तुझंच तोंड तसं राहील" म्हणायची, आणि तो आणखी करायचा. मला कधी कधी त्याचा राग यायचा. मी एकदा तिला तसं बोललो तर ती म्हणाली, "करू द्या हो. बाकीचे माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघतात. तो एकटा माझ्या तोंडाकडे बघतो."

तो टेबलाच्या पायांकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. नाक पुसलं. डोळे बारीक केले. आणि त्यानं बहिणीचं तोंड केलं. यापूर्वी ते बघून खोलीत हशा व्हायचा. आता कुणी हललं नाही. एक कोपरा वर, एक जागेवर, हनुवटी किंचित पुढं, जणू काही कुणाला तरी आता बोलून मोकळी होणार.

"तसेच थांबा," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. चिमट्यानं ओठांआडचा कापूस थोडा काढला, थोडा सरकवला. ओठांच्या कडेला मलमासारखं काही लावलं. दोनदा वर बघितलं, मग थांबल्या. "काहीतरी चुकतंय. घडी उजव्या गालावर आहे आणि हे कोपरा उचलताहेत तोही उजवाच. जिथं जोर नव्हता ती बाजू वर कशी जाईल?"

रेडिओ तोंड तसंच ठेवून, एका बाजूनं म्हणाला, "मी बरोबर करतोय."

मी बघितलं आणि मला कळलं. "अरे, तू आयुष्यभर तिच्या समोर बसून शिकलास. आरशासारखा. बाई, उलटं धरा. त्याचं उजवं ते तिचं डावं."

"घ्या," बाई म्हणाल्या. "आणि मी बिचारी यांच्यावर विश्वास ठेवून चालले होते."

"ताईपण हेच म्हणायची," रेडिओ म्हणाला, तरी तोंड हलवलं नाही.

बाईंनी सगळं काढलं आणि पुन्हा बसवलं. डावा कोपरा अगदी थोडा वर. उजवीकडची घडी त्यांनी बोटाच्या कडेनं परत वळवली, तिच्या जुन्या जागी. मी सांगत होतो, आणखी खोल, थोडी खाली, बास. बाई हात मागं घेऊन बाजूला झाल्या आणि तिथं ती होती. आता काहीतरी लागट बोलेल आणि मग चहा टाकेल अशी. माझ्या मनातली ती स्टुडिओतली मुलगी गेली ती गेलीच. पण मला तिची चुटपुट लागली नाही. जिच्याबरोबर मी संसार केला ती ही.

रेडिओचा गाल आखडला होता. तो चोळत तो म्हणाला, "सुटलो बुवा."

बाईंनी आम्हाला बाहेर पाठवलं. दारामागं पंप सुरू झाला. मोटरचा आवाज मला कळतो. हा हळू, एकसारखा चालला होता, कुठं अडखळत नव्हता. मी बाकावर बसून शेवटपर्यंत तो ऐकला. मला समुद्रकाठची ती माणसं आठवत होती, तान्ह्या पोरांच्या तोंडावर ओली माती थापणारी. त्यांना नक्की काय वाटत होतं ते मला माहीत नाही. पण त्यांच्यापासून या दारामागच्या बाईंपर्यंत किती जणांनी हे काम हातात घेतलं, वास सोसले, सोमल सोसला, तेव्हा कुठं माझ्या मुलीला यायला सवड मिळाली. मी कुणाकुणाला नमस्कार करणार होतो?

मुलगी आली ती थेट दवाखान्यात. पाठीवर बॅग, डोळ्यांखाली काळं, बाहीवर तेलाचा डाग. माझ्या गळ्यात पडली, मामाच्या पडली. मग म्हणाली, "कुठाय?"

बाईंनी दार उघडलं आणि चेहऱ्यावरचा कपडा दूर केला. मी मुलीच्या मागं उभा होतो. माझं सगळं लक्ष तिच्या पाठीवर होतं. खांदे आधी ताठ होते, माणूस ओझं उचलायच्या आधी करतो तसे. मग ते खाली आले.

"आई गं," ती म्हणाली. "कुणावर चिडलीयस?"

ती पुढं झाली. आईच्या उजव्या गालावरच्या घडीवर तिनं अंगठा ठेवला आणि तिथंच राहू दिला. लहानपणी झोपताना ठेवायची का, मला आठवत नाही. आठवत असेल तर ते त्या दोघींना. मग वळून तिनं मला विचारलं, "फोटो कुठला दिलात? आईचा असा फोटो आहे? मला का नाही दाखवला कधी?"

मी रेडिओकडे बोट दाखवलं. तिला आधी कळलं नाही. मग कळलं. मामाकडे बघताना तिचं तोंड रडवेलंही झालं आणि हसरंही. "मामा, तू?"

"तिला सांगू नकोस," रेडिओ म्हणाला. "उशी फेकेल."

मुलीनं स्टूल ओढून घेतलं. "बाबा, मी थोडा वेळ एकटी बसू?"

आम्ही बाहेर आलो. दार पूर्ण लागलं नव्हतं. बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती बोलायला लागली, फोनवर आईशी बोलायची तशी. वादळ आलं होतं ते, इंजिनाचा कुठलासा पंप मधेच बसला ते, नवा कप्तान कसा घोरतो ते. मधे थांबायची, जणू उत्तर ऐकून घेतेय, आणि पुन्हा बोलायची. फोन तुटत नव्हता. कुणी तिला मागून हाक मारत नव्हतं.

बाईंची घरी जायची वेळ झाली होती. एप्रन काढून त्या जिन्याकडे निघाल्या होत्या. मी उठून म्हणालो, "तिला आवरायला सांगतो."

"राहू द्या," बाई म्हणाल्या आणि बाकावर माझ्या शेजारी बसल्या. "बोलू द्या तिला. मी थांबते."

मला आभार मानायचे होते. शेवटी मी एवढंच म्हणालो, "बाई, तुमच्या घरी कधी नळ गळला तर मला सांगा."

"स्वयंपाकघरातला गळतोय," त्या म्हणाल्या. "कितीतरी दिवस झाले."

आत मुलगी कशावरून तरी हसली. आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो.